कौलारू घराचं छप्पर: पडवीपुरती दुरुस्ती, की सगळं उतरवून नवं?

सड्यावरचा | २ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. मोठा प्रश्न आहे, त्यामुळे लिहिणंही लांबणार.

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. समुद्र सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर, घर सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) उतारावर. भिंती चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि पाठची पडवी. छप्पर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं. आजोबांच्या वेळी नळे (अर्धगोल गावठी कौलं) होते, मंगलोरी कौलं नंतर आली. वासे किंजळ आणि ऐनाचे, आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) फणसाचं. दोन्ही पाखी धरून अंदाजे १४०० चौरस फूट.

वडील होते तोवर दर वैशाखात कौलं परतली जायची, म्हणजे काढून नीट पुन्हा बसवली जायची. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी पुण्यात असतो. घर आता शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतंच उघडतं. गेल्या गणपतीत माजघरात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागली. पश्चिमेच्या पडवीत भिंतीचा गिलावा हाताने निघत होता. आरतीला उभे असताना वरून लाकडाचा भुसा पडला आणि आई काही न बोलता आत गेली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

तिघांना घर दाखवलं. पहिल्या मेस्त्रीच्या मते फक्त पश्चिमेची पडवी बदलायची, १ लाख १० हजार. दुसरे फॅब्रिकेशनवाले. ते म्हणाले सगळं लाकूड काढा, लोखंडी ट्यूब आणि रंगीत पत्रा टाका, ३ लाख ६० हजार, पंधरा दिवसांत घर तयार. तिसरे गावातले वयस्कर सुतार. त्यांनी वर बघितलं, दोन वासे ठोकले आणि म्हणाले, "उघडल्याशिवाय आकडा सांगणार नाही."

घर समाईक आहे. अर्धं काकांचं. काका दुरुस्तीच्या बाजूचे, चुलतभाऊ पत्र्याच्या बाजूचा. मला घर टिकवायचंय, पण दरवर्षी थोडं थोडं करत पाच वर्षांनी पुन्हा इथेच यायचं नाही. तुमच्यापैकी कोणी हा निर्णय घेतला असेल तर कशावरून घेतलात ते सांगा.

---

अनुचौल | २ फेब्रुवारी

फोटो टाका. आणि एक सांगा, गळती कधी सुरू होते? पावसाच्या पहिल्या सरीला, की दोन दिवस झड लागल्यावर?

---

सड्यावरचा | २ फेब्रुवारी

माजघरात पहिल्या सरीलाच. पडवीत झड लागली की. आढ्याखाली भिंतीवर ओघळ दिसतात, ते कधीचे ते माहीत नाही. फोटो शनिवारी गावी जाऊन काढतो.

---

अनुचौल | ३ फेब्रुवारी

मग तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गळत्या आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिल्या सरीला जिथे थेंब पडतो तिथे कौल फुटलेलं किंवा सरकलेलं असतं. हे काम शंभर रुपयांचं. फक्त थेंब पडतो तिथेच वर बघू नका. पाणी वाशावरून उताराने चार-चार हात खाली येऊन मग टपकतं. डागापासून वर, आढ्याकडे शोधत जा.

झडीतच गळत असेल तर उताराचा प्रश्न. मंगलोरी कौलाला दोन फुटांमागे एक फूट उठाव तरी हवाच, आपल्याकडच्या पावसाला त्याहून जास्त असलेला बरा. पुष्कळ घरांत पडवी नंतर पुढे वाढवलेली असते. खांबाची उंची तेवढीच राहते, मग छप्पर चपटं होतं आणि वारा पाणी उलटं कौलाखाली ढकलतो. तिथे कितीही नवी कौलं घाला, गळणारच. तुमची पडवी वाढवलेली आहे का बघा.

आढ्याखालचे ओघळ कोन्यांच्या (आढ्यावरच्या कौलांच्या) सांध्यातले. कोने बसवताना भरलेला माल तडकतो. काढून पुन्हा भरला की झालं.

आमच्या चौलच्या घरी आम्ही दोन वर्षं नुसती कौलं बदलत होतो. दोष पडवीच्या उतारात होता.

---

किंजळ | ३ फेब्रुवारी

माझे वडील सुतार. मी लहानपणापासून छपरांवर चढलोय, आता स्वतःची कामं घेतो. सड्यावरचे, तुमच्या त्या तिसऱ्या सुतारांना सोडू नका. आकडा न सांगणारा माणूस खरं बोलतोय.

कौलं बघून निर्णय घ्यायचाच नाही. कौल चांगलं भाजलेलं असेल तर माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकतं. बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर चीर आहे किंवा पाणी पिऊन भुसभुशीत झालंय. निर्णय लाकडावर, आणि लाकडातही तीन जागांवर.

पहिली जागा वाशाचं खालचं टोक, वळचणीला. पागोळ्यांचं पाणी तिथे मागे वळतं. पण इथलं टोक गेलं तर घाबरायचं कारण नाही. कापून जोड देता येतो, किंवा शेजारी दुसरा वासा बांधता येतो.

दुसरी जागा भिंतीच्या माथ्यावर आडवं टाकलेलं लाकूड, ज्यावर सगळे वासे टेकतात. खरी वाळवी इथे असते, कारण मातीच्या भिंतीतून ती आतल्या आतच वर चढते. बाहेरून लाकूड अखंड दिसतं. जाड दाभण किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन हातभर अंतरावर टोचत जा. सहज आत गेला की समजा आत काही नाही. हे लाकूड बदलायचं तर त्या बाजूचं प्रत्येक कौल, प्रत्येक रीप (कौलं टेकतात ती पट्टी) उतरवून वासे उचलावेच लागतात. म्हणजे हे गेलं असेल तर त्या पाख्याला "थोडी दुरुस्ती" हा पर्यायच उरत नाही.

तिसरी जागा आढं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मध्ये अर्धा-पाऊण इंच झोक जुन्या घराला असतोच. दोन-तीन इंच असेल, किंवा बाहेरून बघताना आढं घोड्याच्या पाठीसारखं दिसत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

भुसा पडतो तो भुंग्याचा. बारीक पिठासारखा आणि ताजा, पिवळसर असेल तर भुंगा अजून जिवंत आहे. खाली काळा कागद पसरून चार दिवसांनी बघा.

अजून एक. पूर्वी चुलीचा धूर रोज वर जाऊन वाशांना लागायचा. काळे कुळकुळीत झालेले स्वयंपाकघरावरचे वासे बघा, त्यांना कीड नसेल. गॅस आला, मग घरं बंद राहायला लागली, आणि तेच लाकूड वीस वर्षांत पोखरलं गेलं. लोक म्हणतात जुन्या लाकडात दम राहिला नाही. मला ते ऐकवत नाही. लाकडात दम होता, त्याच्याकडे बघणारं घरात कोणी उरलं नाही.

---

मीरा दापोली | ४ फेब्रुवारी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण इथे बहुतेक सगळे कौलांच्या बाजूने बोलतील हे मला माहीत आहे.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दापोली-मंडणगडकडे काय झालं ते बातम्यांतून पाहिलं असेल. आम्ही घरात होतो. मी, सासूबाई आणि माझी तेव्हा नऊ वर्षांची मुलगी. दुपारी कौलं एक एक करून नाही, ओळीच्या ओळी उचलल्या गेल्या. आम्ही तिघी देवघरात पाटाखाली डोकी घालून बसलो. वारा थांबला तेव्हा माजघरातून आकाश दिसत होतं. नंतरचे कित्येक दिवस ना वीज, ना फोन, ना कौलं, ना पत्रे, ना माणसं. पत्र्याच्या एका ट्रकसाठी गावं वाट बघत होती.

आम्ही सगळं उतरवलं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचा सांगाडा, वर रंगीत पत्रा, खाली फोमचा थर. मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. कारणं सांगते. यजमान वर्षातले आठ महिने बोटीवर. कौलं परतायला माणूस मे महिन्यात मिळत नाही, मिळाला तर आंब्याच्या बागेतून वेळ काढून येतो. वानरांचा कळप आठवड्यातून दोनदा छपरावरून जायचा आणि दर वेळी पाच-दहा कौलं जायची. भर पावसात ८० वर्षांच्या बाईने कोणाला छपरावर चढवायचं?

तोटेही सांगते. पाऊस लागला की घरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी ओटीवर बसवत नाही. समुद्राकडच्या बाजूच्या स्क्रूंना चौथ्या वर्षी गंज दिसला, रबराचे वॉशर कडक झाले होते. ते सगळे बदलले. "पन्नास वर्षं बघायला नको" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर खाऱ्या वाऱ्यात ते खरं नाही.

घरात रोज राहणारं कोण आहे आणि छपरावर कोण चढणार आहे, एवढं आधी ठरवा.

---

चिरेबंदी | ४ फेब्रुवारी

मीराताई, वाचून अंगावर काटा आला. तुमचा निर्णय तुमच्या घरासाठी योग्यच आहे.

मी रत्नागिरीला स्थापत्य अभियंता आहे. कोणी बोलत नाही ती एक गोष्ट सांगतो. मंगलोरी कौल सरासरी अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण १६ लागतात. १४०० चौरस फूट म्हणजे १३० चौरस मीटर, म्हणजे २००० च्या वर कौलं, ५ टनांहून जास्त वजन. त्याच जागी अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा टाकला तर तो भरतो ६००-६५० किलो.

लोकांना वाटतं वजन कमी झालं, भिंतींना आराम. खालच्या दिशेने खरंच आराम. पण वादळात छपरावर ओढ वरच्या दिशेने असते. कौलांचं छप्पर त्या ५ टनांनी जागेवर बसलेलं असतं. कौलं उडाली तरी वासे सहसा राहतात आणि आतला दाब मोकळा होतो. पत्रा सगळा एकत्र धरलेला असतो. तो उचलला गेला तर सांगाड्यासकट जातो. म्हणून मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर नुसत्या प्लेटा ठेवून ट्यूब वेल्ड करणं धोक्याचं आहे. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा हवा, त्यात गाडलेले बोल्ट हवेत आणि सांगाडा त्यांना बांधलेला हवा. ३ लाख ६० हजारांत हा पट्टा धरलाय का, विचारा. बहुधा नसेल. ट्यूबची टोकं बंद करणार का, वेल्डिंगच्या जागी कोणता प्रायमर मारणार, हेही विचारा. ट्यूब आतून गंजते आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कौलं ठेवणार असाल तर मंगलोरी कौलाच्या पाठीला तार ओवायला भोक असतं. वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतची ओळ आणि दोन्ही कडा, एवढी कौलं तरी रिपांना तारेने बांधा. तार स्टेनलेस स्टीलची. साधी तार आपल्याकडे दोन पावसाळे काढत नाही.

---

वेंगुर्ल्याचो झील | ५ फेब्रुवारी

दादानु, माझो अनुभव सांगतंय. तौक्ते वादळाच्या टायमाक, मे २०२१, आमच्या मांगराचे पत्रे उडान शेजाऱ्याच्या माडार जावन आपाटले. घराची कौलां मात्र थंयच रवली, पंचवीस-तीस फुटली तितकीच. पण त्या वर्सा घाईगडबडीत वरसून निळी ताडपत्री ओढली ती दोन वर्सां कोणी काढूकच नाय. काढली तेवा खालच्यो रिपो हातान मोडत होत्यो. कौलांच्या फटींतसून वारो खेळता म्हणान लाकूड सुकता. ताडपत्रीखाली ता कुजता. पाऊस सरलो की लगेच काढा, येवढाच सांगणा.

---

सड्यावरचा | १२ फेब्रुवारी

गावाहून आलो. किंजळदादा, तुम्ही सांगितलंत तसं दाभण घेऊन दोन दिवस माळ्यावर होतो. सोबत ते वयस्कर सुतारकाका. त्यांनी स्वतःहून येतो म्हटलं, पैसे घेतले नाहीत.

आढं: दोरी लावली. मध्यावर पाऊण इंचाहून कमी. आवाज एकदम भरीव.

पूर्वेचं पाखं: २२ वाशांपैकी एक गेलेला. भिंतीवरचं लाकूड ठाक. स्वयंपाकघर याच बाजूला आहे, वासे काळेभोर. धुराचं तुम्ही लिहिलंत ते डोळ्यांनी पाहिलं.

पश्चिमेचं पाखं: मुख्य छपराचे ४ वासे आणि पडवीचे १३ वासे गेलेत. आणि भिंतीवरचं ते आडवं लाकूड, ३६ फुटांपैकी २० फूट पोकळ. वरून रंग दिलेला, दिसायला व्यवस्थित. दाभण मुठीपर्यंत आत गेला. सुतारकाका काही वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ह्याच्याखाली तुम्ही गणपती बसवत होतात."

पडवी वाढवलेली नाही, उतार ठीक आहे. तिचं छप्पर मुख्य वळचणीच्या हातभर खाली, वेगळं आहे.

घराची वाटणी उत्तर-दक्षिण आहे. उत्तरेचा अर्धा भाग काकांचा, दक्षिणेचा आमचा. कुजलेला भाग दोघांच्याही वाट्यात सारखाच येतो.

---

किंजळ | १२ फेब्रुवारी

मग उत्तर तुमच्यासमोरच आहे. पश्चिम पूर्ण उतरवा. पूर्वेला हात लावू नका, फक्त परतणी आणि तो एक वासा.

पहिल्या मेस्त्रीने सांगितलेलं पडवीचं काम केलं असतंत तर नवी पडवी पोकळ लाकडाला टेकवली असती. आणि सगळं काढायला सांगणाऱ्याने तुमचे पूर्वेचे २१ चांगले वासे भंगारात नेले असते. जुन्या ऐनाला आज काय भाव आहे ते विचारून बघा, मग तो उत्साह कळेल.

---

माडबन | १३ फेब्रुवारी

माफ करा, मध्येच येतो. किंजळ म्हणतात ते बरोबर असेल, पण मी अर्धी दुरुस्ती तीनदा केली आहे. २०१४ ला एक बाजू, २०१७ ला दुसरी, २०२१ ला पुन्हा पहिली. प्रत्येक वेळी मजुरी वेगळी, वाहतूक वेगळी, रजा वेगळी. तिन्ही खर्चांची बेरीज केली तेव्हा कळलं, एकदाच पूर्ण केलं असतं तर स्वस्त पडलं असतं. माझी चूक ही की २०१४ ला वाळवीचा बंदोबस्त न करता नवं लाकूड जुन्याला चिकटवलं. भावाने तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि नवी कौलं जुन्यांत मिसळली. पुढचं किंजळ सांगतील.

---

किंजळ | १३ फेब्रुवारी

माडबन, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण अर्धवट दुरुस्त्या फसतात त्या याच दोन कारणांनी.

कौलांचं आधी. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच वेगळी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जमिनीवर दिसत नाही, वर बसवल्यावर कौल डुलतं आणि झडीत त्या फटीतून पाणी येतं. म्हणून एका पाख्यावर एकाच छापाची कौलं. कौल उलटं करून पाठीवरचं नाव वाचा. कोणाकडे बासेल मिशनची असतील तर त्यांवरचं १८६५ बघून कौल तेव्हाचं आहे असं समजू नका. ते मंगळूरला कारखाना सुरू झाल्याचं साल आहे.

सड्यावरचे, तुमची पडवी हातभर खाली आहे हे नशीब. नवी कौलं सगळी पडवीवर घाला, जुनी सगळी मुख्य छपरावर. दोघांचा सांधाच येणार नाही. कमी पडली तर जवळपास पाडलं जाणारं घर शोधा.

आता वाळवी. नवं लाकूड चढवण्याआधी भिंतीचा माथा दोन थर उतरवून पुन्हा चुन्या-सिमेंटमध्ये बांधा आणि वाळवीवाल्याकडून भिंतीच्या पायथ्याला औषध घाला. वाळवी जमिनीतून येते, वरून फवारून उपयोग नाही. लाकडाला आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावतो. ते हाताला लागलं तर फोड येतात, हातमोज्यांशिवाय डबा उघडूही नका. ज्यांना हे जमत नाही त्यांनी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी ब्रशने दोन हात द्यावं, पण ते आतल्या, न भिजणाऱ्या लाकडालाच.

---

अनुचौल | १३ फेब्रुवारी

काकांशी पैशाचं कागदावर घ्या. कामाला हात लावायच्या आधी. घरपट्टीच्या उताऱ्यावर दोघांची नावं असतील तर ग्रामपंचायतीत दुरुस्तीचा अर्ज दोघांच्या सहीने द्या. आमच्याकडे छप्पर झालं आणि भाऊबंदकी सुरू झाली. छप्पर नवं आहे, घरात दिवा लावायला कोणी जात नाही.

---

श्रीवर्धनची | १५ फेब्रुवारी

एक विचारू का? आमच्या पाठच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, ३० वर्षांपूर्वीचे. फुटलेत. तेवढेच काढून कौलं घालावीत असं मनात आहे.

---

चिरेबंदी | १५ फेब्रुवारी

ताई, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ छातीत गेली की बाहेर निघत नाही. ते कापू नका, तोडू नका, झाडूने साफ करू नका. पाणी मारून ओले करा, हूक कापून अख्खे उतरवा, माणसांना नीट मास्क द्या. तुकडे वाटेवर भर म्हणून टाकायची आपल्याकडे सवय आहे, तेही करू नका. आणि कौलं घालण्याआधी खालचं लाकूड वजन घेईल का ते बघा, पत्र्यासाठी वासे लांब लांब टाकलेले असतात.

---

सड्यावरचा | ९ एप्रिल

पाडव्याला नारळ फोडला. काका स्वतः आले, ७८ वय. त्यांना पूर्वेचं पाखं राहणार हे सांगितल्यावर त्यांचा विरोध मावळला. चुलतभावाला पत्राच हवा होता. त्याला माळ्यावर नेलं, दाभण हातात दिला, आधी पूर्वेला टोचायला सांगितलं, मग पश्चिमेला. नंतर त्याने तो विषय काढला नाही. खर्च अर्धा-अर्धा, कागद केला, अर्जही दिला.

पश्चिमेच्या पाख्यावरची कौलं उतरवून एकेक वाजवली. १०५० पैकी ६४० चांगली निघाली. पूर्वेला ९० लागली, उरली ५५०. मुख्य पाख्याला हवीत ६५०. शेजारच्या वाडीत एक घर पाडताहेत, त्याच छापाची १२० मिळाली. त्या घरच्या आजींनी पैसे घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "कुणाच्या तरी डोक्यावर जातील." मी तिथे उभा राहू शकलो नाही.

पडवीसाठी नवी ४३०.

---

मीरा दापोली | ९ एप्रिल

वाचून बरं वाटलं. तारेने बांधायला विसरू नका. आमच्याकडे एक कौलही बांधलेलं नव्हतं.

---

सड्यावरचा | २० मे

काम संपलं. भिंतीच्या माथ्यावर चिऱ्याचे दोन थर नव्याने, वर काँक्रीटचा सहा इंची पट्टा (चिरेबंदी, तुमच्यामुळे), त्यावर ऐनाचं नवं लाकूड बोल्टने. मुख्य छपराचे ४ वासे नवे. पडवीच्या १३ पैकी ६ वाशांना सुतारकाकांनी जोड दिला, ७ नवे. रिपा पश्चिमेच्या सगळ्या नव्या. कोने काढून पुन्हा बसवले. कडेची, वळचणीची आणि आढ्यालगतची कौलं स्टेनलेस तारेने बांधली, मीराताई. सगळा खर्च २ लाख ४५ हजार, म्हणजे पत्र्याच्या आकड्याहून कमी आणि पडवीच्या आकड्याच्या दुपटीहून थोडा जास्त.

सुतारकाकांच्या हाताखाली गावातला एक विशीतला मुलगा होता. जोड कसा कापायचा ते काकांनी त्याला तीनदा करून दाखवलं आणि चौथा त्याच्याकडून करून घेतला. पुढच्या वैशाखात परतणीला तोच येणार, त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. महिन्यातून एकदा घर उघडून चूल पेटवायची, हे काम शेजारच्या वहिनींनी घेतलंय. त्या म्हणाल्या, तुमच्या आजीच्या चुलीवर मी पानगे शिकले, मला त्यात काय जड आहे.

---

सड्यावरचा | १९ जून

मिरगाचा पाऊस झाला. काल रात्रभर झड होती, मी मुद्दाम गावी होतो. माजघर कोरडं. पडवी कोरडी. देवघरावर जे काचेचं कौल आहे त्याच्या कडेने मात्र थेंब येतोय, पाच-दहा मिनिटांनी एक. काय करावं?

---

किंजळ | १९ जून

काचेचं कौल वेगळ्या साच्याचं, खाच जुळत नाही. सिलिकॉन भरू नका, वर्षात सुटतं. एक ओळ वर सरकवा आणि उजवी बाजू आधी बसवा. ओल्या कौलांवर स्वतः चढू नका. त्या मुलाला बोलवा, शिडी आडवी टाकून वाशाच्या रेषेत पाय ठेवायला सांगा.

---

सड्यावरचा | २० जून

तो सकाळीच आला. एक ओळ वर घेतलं. आता दुपारचे तीन वाजलेत, बाहेर धो धो आहे. देवघरात खाली पाट मांडून बसलोय. अजून थेंब नाही.